टर्बाइनमामांचा कान

आमचे टर्बाइनमामा पाहुणे म्हणून आले की आईच्या आधी फ्रिजला भेटत. खिशातला पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, काढत, त्याचं टोक फ्रिजच्या पाठीला टेकवत, मूठ कानामागच्या हाडाला लावत आणि डोळे मिटून उभे राहत. मग निकाल येई, "ह्यो दोन महिन्यांचा सोबती हाय." आई चिडायची, "दादा, आधी पाणी तरी पी!" पुढे फ्रिज खरंच बंद पडला, तेव्हा आईने दोष मामांनाच दिला.

मामा येलदरी धरणाच्या पॉवरहाऊसमध्ये ऑपरेटर होते. उभी हयात टर्बाइनच्या घरघरीत गेली. "मशीन खोटं बोलत न्हाई, आपुन फक्त कान द्यावा," असं ते म्हणत. साहेब लोकसुद्धा मीटर बघून झाल्यावर एकदा मामांच्या तोंडाकडे बघत, हे मामी अजून अभिमानाने सांगते.

मला मोटारसायकल शिकवली तीही मामांनीच. मी कॉलेजात होते आणि आमच्या कंधारला मुलीने गाडी चालवणं म्हणजे बातमी होती. मामा मागे बसून ओरडत, "क्लच म्हंजी सोयरा हाय माय. एकदम सोडायचा न्हाई, हळूहळू सोडायचा!"

पण निवृत्त होऊन नांदेडला आले ते मामा वेगळेच होते. मीही तोवर नोकरीसाठी त्यांच्याच गल्लीत राहत होते, म्हणून रोज पाहायचे. पेचकस पेटीत गेला तो गेलाच. ऐकू कमी येत होतं. मामी एकेक वाक्य तीनदा ओरडून सांगायची, पण कानाच्या मशीनचं नाव काढलं की मामा ताटावरून उठत. "मला काय बी झालं न्हाई. तुमीच हळू बोलता." म्हातारपणाचा हेका, असं आम्ही धरून चाललो. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच यायचा.

मधली दुष्काळी वर्षं सरली आणि एका पावसाळ्यात सगळी धरणं भरली. एका रविवारी मी सकाळीच गाडी त्यांच्या दारात लावली. "चला मामा, तुमचं धरण बघून येऊ." ते नको नको म्हणत होते, पण मामीने दशम्या नि ठेचा बांधला आणि त्यांना जवळजवळ ढकलूनच मागे बसवलं.

वसमत गेलं, औंढा गेलं. वाटेतल्या प्रत्येक टपरीवर मामांना चहा हवा होता. येलदरीच्या अलीकडे सिद्धेश्वरचं धरण लागतं. तिथे भजी खाऊन झाली, पाणी बघून झालं, तरी मामा कट्ट्यावरून हलेनात. "झालं की बघून. चल माघारी."

"इतक्या लांब येऊन माघारी? कामून?" मी ओरडले. त्यांना ऐकू यावं म्हणून ओरडले आणि रागानेही. भजीवाला आमच्याकडे बघायला लागला.

मामांनी पाण्याकडे तोंड फिरवलं. मग बोलले. निवृत्तीच्या आधी एक तरुण साहेब त्यांना म्हणाला होता, टर्बाइनच्या सेटमधून बारीक आवाज येतोय, बेअरिंग खोलून बघू का? मामांनी कान दिला आणि म्हणाले, कसला आवाज? काय बी न्हाई. मामा म्हणाले म्हणजे संपलं. कुणी काही खोललं नाही. दोनच दिवसांत धरणातलं पाणी संपत आलं म्हणून सेट बंद झाला आणि मामा घरी आले. नंतर घरी कुणाला न सांगता त्यांनी डॉक्टरांकडून कान तपासून घेतले. बारीक आवाज त्यांना कधीचेच येईनासे झाले होते.

"आता सांग," मामा म्हणाले, "आवाज नव्हता, का मला आला न्हाई? पाणी आल्यावर सेट चालू केला असंल. बेअरिंग जाम होऊन धरलं असंल तर? कुणाला लागलं असंल तर? कोन्या तोंडानं इचारू?"

इतकी वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन बसला होता. कानात मशीन घालणं म्हणजे ती चूक कबूल करणं होतं. मला स्वतःची फार लाज वाटली. मी गाडीला किक मारली आणि म्हटलं, "मी इचारते. तुम्ही बसा."

पॉवरहाऊसच्या फाटकावर आत सोडेनात, म्हणून मी निरोप पाठवला. पूर्वी मामांच्या हाताखाली हेल्पर असलेला सुदाम हात पुसत बाहेर आला आणि मामांच्या पायाच पडला. मी त्याला सगळं विचारलं. तो मामांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाला, "तेच बेअरिंग हाय मामा! चालू हाय, पानी सोडलंय की! आवाज येत व्हता, पर त्यो कव्हरच्या बोल्टाचा. ढिल्ला झाला व्हता. मीच आवळला."

"म्हंजी आवाज व्हता?"

"व्हता की."

"आन् मला आला न्हाई!" मामा म्हणाले आणि हसत सुटले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी सुदामच्याच खांद्याला पुसलं. परतताना मागे बसून जुनी गाणी म्हणत होते, बेसूर आणि मोठ्याने. गल्लीत उतरल्यावर म्हणाले, "उद्या सुट्टी काढ. कानाची मशीन बघायला जायचंय."

नवी मशीन कानात घालून मामा चार वर्षं जगले. मामीला मात्र हळू बोलायला काही जमलं नाही. पाणी सुटलं की सुदाम फोन करायचा, फोन सेटजवळ धरायचा आणि मामा गंभीर चेहऱ्याने ऐकून "चालू द्या" म्हणायचे.

मामा गेले. त्यांचा फोन आता माझ्याकडे असतो. या वर्षी पाणी सुटलं तेव्हा तो वाजला.

"ताई, मामा न्हाईत, ठावं हाय मला," सुदाम म्हणाला, "पर कुनाला तरी ऐकवल्याबिगर बरं वाटंना."

त्याने फोन सेटजवळ धरला. मी डोळे मिटले आणि शेवटपर्यंत ऐकलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

"चालू द्या," मी म्हटलं.