कौसामावशीचे गरम हात

मंडळी, आज लेकीचा पेशंट केअरच्या कोर्सचा पहिला दिवस. सकाळी तिला कौसामावशीच्या पाया पडायला नेलं.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या तापलेल्या वर्षांत मावशी परभणीच्या एका दवाखान्यात आया होती. पाय मोडून खाटेवर पडलेले माझे आजोबा तिची जात कळताच ओरडले, "मला शिवू नको!"

पण कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होणार. मावशीनं हात चोळून गरम केले आणि त्यांना अलगद वळवलं.

चौथ्या दिवशी दुसरी आया आली, तर आजोबा म्हणाले, "हिचे हात गार हायेत. तिलाच बोलवा."

आज मावशीनं लेकीला तेवढंच शिकवलं. "आधी हात चोळ, मग पेशंटला लाव."

मी विचारलं, "मावशी, तेव्हा राग न्हाई आला?"

"लय आला की. म्हणून तर हात जास्तच चोळले."