लाली घालवणारे थेंब

माझ्या मावशीची वड्यांची टपरी टोकावड्याला, माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. वडे झकास असतात, पण मला तिथे दोन घास सुखाने खाता यायचे नाहीत. मिठाच्या डब्याशेजारी एक छोटी प्लास्टिकची बाटली असायची, डोळ्यांत टाकायच्या थेंबांची. तिच्या टोकाला कायम काहीतरी पिवळं चिकटलेलं. मावशी ते टोक पापणीला टेकवून थेंब पिळायची, पदराला पुसायची आणि त्याच हाताने बेसन कालवायला घ्यायची. संध्याकाळी काका पिऊन आले की तेही त्याच बाटलीतले थेंब टाकायचे, चार लोकांत तोंड दाखवता यावं म्हणून. मला शिसारी यायची. तसं बोलून दाखवलं की मावशी हसायची. "एवढी नाजूक कवापासून झालीस गो?"

थेंब लागायचे ते गिऱ्हाइकांसाठी. दिवसभर चुलीचा धूर आणि तळणाऱ्या मिरच्यांचा खकाणा डोळ्यांत गेल्यावर ते लाल होणारच. पण घाट बघायला निघालेली मंडळी गाडीतून उतरायची, तिच्या डोळ्यांतल्या तांबड्या शिरा बघायची आणि मागे सरकायची. "हिचे डोळे आलेत वाटतं," हे तिच्या देखत बोलायची. स्वतः मात्र खरकटे कागद गाडीच्या खिडकीतून बिनदिक्कत फेकायची! मग काकांनी मेडिकलमधून हे लाली घालवणारे थेंब आणले. डोळे लगेच साफ झाले आणि मावशी वर्षानुवर्षं ते टाकत राहिली. डोळे साफ दिसतात म्हणजे बरे आहेत, असंच तिला वाटायचं. आम्हा सगळ्यांनाच वाटायचं.

पुढे तिच्या बाजूला ठेवलेले चहाचे ग्लास हात लागून सांडायला लागले. दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागला. "आंधळी झालीस काय?" काका गिऱ्हाइकांसमोर ओरडायचे आणि गिऱ्हाइकं हसायची. मी सापगावला राहते, शहापूर मला जवळ. काका नको म्हणत असताना मी तिला ओढूनच तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी डोळ्याच्या आतला फोटो काढून पडद्यावर दाखवला. नारिंगी गोल आणि त्यात पसरलेल्या लाल शिरा. मावशी दचकली. "लाली हितं पण हाय?"

"या शिरा हव्यातच, आजी. यांच्यातूनच डोळ्याला रक्त मिळतं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं. मधला पांढरा खळगा नको तेवढा मोठा झाला होता, शिरा त्याच्या काठावरून खाली दुमडल्या होत्या आणि एका बाजूला रक्ताचा बारीक ठिपका होता. काचबिंदू. मावशीच्या थेंबांत स्टेरॉइड होतं. बाहेरच्या शिरा साफ करता करता त्यांनी डोळ्यातला दाब वाढवला होता. कडेची नजर गेली होती, ती परत येणार नव्हती. उरलेली जपायची होती.

बाईंनी रोज टाकायचे नवे थेंब दिले. "यांनी डोळे थोडे लाल दिसतील. म्हणून बंद करू नका. बंद केलेत तर आहे तीही नजर जाईल."

परतीच्या एसटीत मावशी म्हणाली, "लाल होतील म्हंते ती."

"होऊ देत," मी खेकसले.

टपरीवर गेल्या गेल्या मी ती घाणेरडी बाटली चुलीत टाकली. जळक्या प्लास्टिकची दुर्गंधी सुटली, काका शिव्या देत बाहेर गेले. मला फार बरं वाटलं.

त्यानंतर फोनवर मी दर वेळी विचारायचे आणि ती दर वेळी म्हणायची, "टाकते गो, नाय इसरत."

दिवाळीनंतर गेले तेव्हा टपरीला ही गर्दी! काका खुशीत होते. "मधी कुत्रं फिरकत नव्हतं. आता धंदा परत लागला बघ."

मावशी हात पुसत पुढे आली. "बघ, डोळं कसं साफ झालं!" एकही शीर दिसत नव्हती. मला काही विचारावं लागलं नाही. मिठाच्या डब्याशेजारी त्याच जुन्या थेंबांची नवी बाटली होती आणि तिच्या टोकाला पिवळं धरायला लागलं होतं. मला काकांची किळस आली, त्या गर्दीची आली, आणि खोटं का बोलू, पुढे येऊन डोळे दाखवणाऱ्या माझ्या मावशीचीही आली.

एका मुलीला तिच्यासोबत फोटो हवा होता. मावशीने आधी शेजारचा चहाचा ग्लास उचलायला हात नेला, तो ग्लासाच्या पलीकडे रिकामाच फिरला. "अहो मावशी, इकडे!" मुलगी खिदळली. तिने ग्लास मावशीच्या हातात दिला आणि फोटो काढला. मग सगळ्यांना दाखवला, मलाही.

फोटोत मावशीचे डोळे फार सुंदर दिसत होते.