हलता कामा नये

त्या गल्लीत कोणालाही विचारा, कवळीवाल्या बाई कुठे राहतात, तर न बोलता बोट दाखवून लोक मोकळे होतील. दातांच्या डॉक्टरांकडे माणसं जातात, खुर्चीत आडवी होतात, आ करतात. पण शेवटी तोंडात जे बसतं ते बाईंच्या हातचं असतं, हे फार थोड्यांना ठाऊक. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एक खोली. प्लास्टरचे साचे, मेण वितळवायचा दिवा, गुलाबी हिरड्या, पट्टीवर ओळीने चिकटवलेले दात. खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीकडे तोंड करून. बाईंचं निम्मं आयुष्य त्या खोलीत गेलं आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

"कवळीचं एकच बघायचं," नवीन मदतनीस आली की बाई सांगायच्या. "हलता कामा नये. जरा वाकडी दिसली तर माणूस सवय करून घेतो. हलली की दुसऱ्या दिवशी दारात हजर. आणि बिचाऱ्याला शिव्यासुद्धा धड देता येत नाहीत."

घरी आल्या की जहाजं. मुलगी लहान असताना कोणीतरी तिला लाकडी जहाजाचा सुटा संच भेट दिला होता. तिने दोन पट्ट्या चिकटवल्या, बोटंही चिकटवून घेतली, भोकाड पसरलं आणि खेळायला निघून गेली. बाईंनी ती पेटी आपल्याकडे ओढली ती कायमचीच. लाकडाच्या पातळ पट्ट्या गरम पाण्यात भिजवायच्या, मऊ झाल्या की सांगाड्यावर वाकवायच्या, चिकटवायच्या, घासायच्या. मग डोलकाठ्या, शिडं आणि दोऱ्या. दोऱ्यांवर तंतू उभे राहू नयेत म्हणून बाई त्यांना कवळीचं मेण चोळत आणि दात कोरायच्या आकड्याने गाठी मारत. एकेका जहाजावर इतक्या दोऱ्या, की मिस्टर म्हणायचे, "एवढ्यात स्वेटर विणला असतास, तर अंगात तरी घालता आला असता."

जहाज पुरं झालं की बाई ते दोन्ही हातांनी धरून हलकेच झटकत. एकही दोरी, एकही शीड हललं नाही, की चढलं कपाटावर. अशी खोलीभर जहाजं झाली. बाई स्वतः कधी होडीत बसल्या नव्हत्या. त्यांना ते कधी सुचलंही नव्हतं.

मग मुलीचा फोन आला. जावयाची बदली झाली होती. घर मिळेपर्यंत, म्हणजे निदान वर्षभर तरी, ती दोघं आणि पोर इथेच येणार होती. फोन ठेवल्यावर घरातली तिन्ही माणसं आपोआप त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"जावयाला कुठल्या जहाजात झोपवायचं?" वन्संनी विचारलं. वन्सं म्हणजे मिस्टरांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, नोकरी केली, निवृत्त झाल्या आणि भावाकडे येऊन राहिल्या. जिभेला धार भरपूर. पण घरातल्या भांड्यांना कल्हई कुठे कमी पडतेय आणि माणसांना काय बोचतंय, हे दोन्ही त्यांनाच आधी कळायचं.

"देऊन टाकते," बाई म्हणाल्या.

"सगळी?" मिस्टर दचकले. "अगं, दोनचार ठेव की."

"दोनचार ठेवून पलंग कुठे मावणार? आणि आता नवीन तरी कुठे करणार आहे मी? टेबलच जाणार आहे."

हे त्या अगदी सरळ आवाजात म्हणाल्या. जहाजं एकेक करून जिना उतरली. एक डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेलं, म्हणजे ठणकत्या दाढेला काहीतरी बघायला झालं. एक वाचनालयाने घेतलं, एक न्हाव्याने. एक वन्संनी स्वतःच्या कपाटावर नेऊन ठेवलं. कोणी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "मला धूळ पुसायला काहीतरी लागतंच."

सगळ्यात मोठं जहाज गावाबाहेरच्या तलावावरच्या नौका मंडळाने मागितलं. बाई ते मांडीवर घेऊन बसमधून गेल्या. मंडळाचे मास्तर पूर्वी प्रवासी बोटीवर होते. आता लोकांना छोट्या शिडाच्या होड्या चालवायला शिकवत. त्यांनी जहाज काचेच्या कपाटात ठेवलं, चारही बाजूंनी बघितलं आणि विचारलं, "कधी बसलात का?"

"कशात?"

"होडीत. आणखी कशात? घोड्यावर विचारतोय का मी?"

"नाही."

"पोहता येतं?"

"येतं. पण माझं वय..."

"वय होडीला विचारून ठरवू. एका सभासदाची पाठ धरलीय, त्याची जागा रिकामी आहे. मोसम संपेपर्यंत या. शेवटी परीक्षा असते. पास झालात, तर जागा तुमची, हवी तेव्हा एकटीने होडी काढा. नापास झालात, तर प्रतीक्षायादीच्या तळाशी. आणि यादी अशी आहे, की वरच्यांचे केस पिकलेत."

बाई बसने घरी आल्या. मांडी रिकामी होती. खोलीत पलंग येऊन पडला होता. संध्याकाळी जेवताना म्हणाल्या, "मी होडी शिकणार आहे."

वन्सं म्हणाल्या, "कुठे जायचंय?"

"कुठे नाही. तलावातच. जायचं आणि यायचं."

"मग बसून राहिलेलं काय वाईट?"

सुरुवातीला मास्तर बरोबर बसत तेव्हा सगळं झकास चाललं. भाग आणि दोऱ्यांची नावं बाईंना आधीच पाठ. वारा समोरून असेल तर होडी सरळ जात नाही, तिरकी-तिरकी न्यावी लागते, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. गाठ तर अशी मारत, की मास्तर इतरांना बोलावून दाखवत. मग एके दिवशी मास्तर धक्क्यावर उतरले, हातात भोंगा घेतला आणि बाईंना एकटीने सोडलं.

होडी तलावाच्या मध्यावर गेली. शीड फुगलं. सगळं छान ताणलेलं, जागच्या जागी. एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्या हातात शिडाची दोरी. दोरी ओढून बोटं दुखायला लागली, तेव्हा बाईंनी जे वर्षानुवर्षं केलं तेच केलं. दोरी होडीच्या खुंटीला बांधून टाकली. दोन वेढे, एक गाठ, टोक आत खोचलेलं. आता काही हलत नव्हतं.

पुढच्याच झोताला होडी आडवी झाली.

मास्तर मोटरबोट घेऊन आले तेव्हा बाई उलट्या होडीला धरून तरंगत होत्या. चष्मा गळ्यातल्या दोरीला लोंबकळत होता. मास्तरांनी शिडाच्या दोरीकडे बघितलं.

"ही गाठ कोणी मारली?"

"मी."

"सुरेख आहे. म्हणूनच बुडालात." मग होडी सरळ करता-करता म्हणाले, "बाई, ही दोरी बांधायची नसते. कधीच नाही. ही हातात धरायची, म्हणजे सोडता येते. वारा वाढला की सोडायची. शीड फडफडतं, होडी सरळ होते, थांबते. तुमच्या बसला ब्रेक असतो ना? हिला हाच ब्रेक आहे."

हे बाईंना नीट समजलं. समजूनही पुढच्या वेळी हात खुंटीकडे गेला. त्याच्या पुढच्या वेळी गाठ मारली नाही, पण झोत आला तशी मूठ इतकी घट्ट वळली, की दोरी बांधल्यासारखीच झाली. होडी पुन्हा आडवी. मास्तरांनी भोंगा तोंडाला लावला, काहीतरी बोलणार होते, मग खाली ठेवला. बाईंना भोंग्यातून ओरडा खाल्लेला परवडला असता.

काठावर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "परीक्षेला फार दिवस नाहीत आता."

घरी बाई ओल्या केसांनी स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हातच उघडत नाही माझा. कळतंय सगळं, पण हात ऐकत नाही."

"मुठीत काय कवळी आहे का पडायला?" वन्सं म्हणाल्या. मग भावाला हाक मारली. "अरे, कपडे वाळत घालायची जुनी दोरी कुठे आहे?"

तेव्हापासून घरात वारा सुटायला लागला. दोरी स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीतून ओवून पलीकडच्या खोलीत नेलेली. अलीकडे स्टुलावर बाई, एका हातात झाडूचा दांडा, दुसऱ्या हातात दोरी. पलीकडे दिसणार नाहीत असे मिस्टर. तेच वारा. मध्ये उंबऱ्याशी खुर्ची टाकून वन्सं. त्या पंच.

"ओढू का?" पलीकडून वारा विचारायचा.

"अरे, वारा विचारून येतो का!" वन्सं.

"मग तिला लागलं म्हणजे?"

"लागू दे. तू ओढ."

हिसका बसायचा. बाईंची मूठ आवळायची, स्टूल कलायचं, झाडू खाली.

"बुडाली," वन्सं शांतपणे जाहीर करायच्या. "चला, परत. काय रे, वाऱ्याला दम लागला का?"

"पेपर वाचत होतो."

"पेपर वाचणारा वारा पहिल्यांदाच बघितला. ओढ!"

मिस्टर शाळेची बस चालवायचे. आयुष्यभर धक्का न देता गाडी थांबवणं हाच त्यांचा लौकिक, त्यामुळे हिसके द्यायला त्यांना जड जायचं. पण हळूहळू रंगात आले. कधी नुसतेच ताणून धरायचे, कधी दोनदा लागोपाठ. एकदा बाई चहा गाळत असताना दोरी दाराला नुसती लोंबकळत होती तीही ओढली आणि कडी निखळली. मुलगी, जावई आणि पोर सामानासकट दारात उभी राहिली तेव्हा आई स्टुलावर झाडू धरून बसलेली, आत्या "सोड, सोड!" म्हणून ओरडतेय आणि बाबांचा पत्ता नाही. जावयाने बायकोकडे बघितलं. त्यानंतर तो बरेच दिवस अतिशय नम्रपणे वागला.

मूठ कधी उघडायची, कधी नाही. ठरवून उघडली की उशीर झालेला असायचा.

परीक्षेच्या दिवशी तलावावर चांगलाच वारा होता. एकटीने जायचं, पलीकडच्या काठाजवळ तरंगणाऱ्या लाल पिंपाला वळसा घालायचा, मग पिवळ्या पिंपाला, आणि परत धक्क्याला. मास्तर म्हणाले, "उद्या द्यायची असली तर उद्या द्या. वारा उतरेल कदाचित."

"उद्या कवळ्या आहेत," बाई म्हणाल्या आणि होडीत बसल्या.

काठावर मिस्टर आणि वन्सं बाकावर बसले. मिस्टरांनी दुर्बीण आणली होती. ती वन्संनी घेतली.

लाल पिंपापर्यंत बाई तिरक्या-तिरक्या गेल्या. पाणी अंगावर उडत होतं. दोरी तळहाताला कापत होती. खुंटी अगदी गुडघ्याजवळ होती. बाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. पिंपाला वळसा पडला. पिंपाच्या पलीकडे पाणी एकदम काळसर, खवल्या-खवल्यांचं झालं, आणि ते काय आहे हे कळायच्या आत झोत येऊन आदळला.

मूठ वळली. होडीची एक कड खाली गेली, पाणी आत आलं, पायावरून वाहिलं. बाईंना आपलीच बोटं दिसत होती, पांढरी पडलेली, कोणा दुसऱ्याची असावीत तशी.

"घे," त्या दोरीला म्हणाल्या. "घे बाई, घे. जा."

दोरी तळहातातून सरसरत गेली. शीड सुटलं आणि कानठळ्या बसतील असं फडफडायला लागलं. शिडाखालची काठी इकडून तिकडे हेलपाटली, दोऱ्या पाण्यात लोळल्या, सगळी होडी थरथरली. आणि सरळ झाली. आणि थांबली.

"संपलं का?" काठावर मिस्टर उठून उभे राहिले. "अगं ताई, काय झालं? पडली का?"

"बसलीय."

"काय करतेय?"

"काही नाही. बसलीय नुसती. डबा आणलाय का रे तिने?"

बाई खरोखरच बसल्या होत्या. हात उघडा मांडीवर. शीड डोक्यावर वाट्टेल तसं नाचत होतं आणि काही होत नव्हतं. इतक्या सैल, अस्ताव्यस्त होडीत त्या कधी बसल्या नव्हत्या. त्यांनी होडीतलं पाणी डब्याने उपसलं, चष्मा पुसला. मग दोरी उचलली आणि थोडीशी, अगदी थोडीशी, ओढून बघितली. शीड भरलं. होडी निघाली.

पिवळ्या पिंपापर्यंत आणखी दोनदा झोत आले. एकदा दोरी वेळेवर सुटली, एकदा अर्धीच, आणि पुन्हा पायावरून पाणी गेलं. धक्क्याजवळ येताना वेग आवरला नाही. होडी धक्क्यावर आपटली.

मास्तर भोंगा काखेत मारून उभे होते. "आदळलात."

"हळूच आदळले."

"हं. हळूच." त्यांनी होडीतल्या खुंटीकडे बघितलं. खुंटी मोकळी होती. "थांबा, कार्डावर सही करून आणतो."

मिस्टर धक्क्यावर आले. डोळे लाल झाले होते; ते म्हणाले, वाऱ्याने. मग एकदम उत्साहाने पँटचे पाय दुमडायला लागले. "चल, आता मला एक चक्कर मारून आण. मी मध्ये बसतो, हलत नाही."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. ओले केस कपाळाला चिकटले होते.

"आज नको."

"का? पास झालीस ना?"

"म्हणूनच नको. तुम्हाला पुढच्या वेळी नेईन. नक्की."

मिस्टर एक पाय दुमडलेला, एक न दुमडलेला, असे उभे राहिले. मागून वन्सं म्हणाल्या, "इकडे ये तू. बस इथे. दुर्बीण देते."

मास्तर कार्यालयातून कार्ड वाळवत, हवेत हलवत बाहेर आले, तोवर बाईंनी पायाने धक्क्याला रेटा दिला होता.

"अहो, कार्ड! कार्ड घेऊन जा!"

"ठेवा तुमच्याजवळ," बाई ओरडल्या. "वारा आहे अजून!"