गुरुजींनी पाणपोई बंद केली तो उन्हाळा

२ मे १९८३, सोमवार. ओव्हाळ गुरुजी सकाळी कळंबच्या एसटी स्टँडवर आले. पाणपोईचे दोन्ही रांजण त्यांनी उपडे केले. उरलेले पाणी कडुलिंबाच्या बुडाशी सोडले. रांजणांना गुंडाळलेली ओली पोती काढून कठड्यावर वाळत टाकली आणि पाणी वाढायचे लांब दांड्याचे ओगराळे धुऊन पिशवीत ठेवले. मग माझी धाकटी बहीण कमल हिला घेऊन ते उस्मानाबादच्या गाडीत बसले. मी दोघांना निरोप देऊन खरेदी-विक्री संघाच्या कचेरीत कामावर गेलो. त्या दिवशी ऊन फार होते.

गुरुजींच्या साठीनिमित्त या ग्रंथासाठी लिहा, असे गौरव समितीने सांगितले तेव्हा मला हाच दिवस आधी आठवला. मी लिहिणारा माणूस नाही. जे पाहिले तेवढे सांगतो.

गुरुजींची आणि माझी ओळख बहात्तरच्या दुष्काळातली, त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातली. मी संघात नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. विहिरी आटल्या होत्या. दुष्काळी कामावर खडी फोडायला निघालेली माणसे स्टँडवर गाडीची वाट पाहत उन्हात बसत. ओव्हाळ गुरुजी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांनी स्वतःच्या पगारातून स्टँडच्या कडेला दगडी ओटा बांधून घेतला. कुत्र्या-शेळ्यांनी तोंड घालू नये म्हणून तो चांगला उंच केला, वर जायला पायऱ्या केल्या आणि रांजण मांडले. मळ्यातल्या एका ओळखीच्या विहिरीचे पाणी बैलगाडीतून येई. शाळेला सुट्टी लागली की गुरुजी दिवसभर तिथेच उभे असत.

पेला ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम होता. ते वरून ओगराळ्याने पाणी वाढत आणि आलेल्याने पायऱ्या चढून ओंजळीने प्यायचे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ते म्हणाले, "साहेब, ओंजळ गळतीय तुमची. संघाचं खतबी असंच गळतं का?" मागचे लोक हसले, मीही हसलो. तेव्हापासून जाणे-येणे सुरू झाले.

गुरुजींचे घर छप्पन सालानंतर बौद्ध झालेले. त्यांच्या हातचे पाणी प्यायला सुरुवातीला काही लोक कचरत, हे इथे सांगितले पाहिजे. पहिल्याच आठवड्यात जवळच्या खेड्यातले एक वयस्क गृहस्थ पायरीवर थांबले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही कुणापैकी?"

गुरुजी म्हणाले, "तहान लागलेल्यांपैकी. सकाळपासून मीच पाणी प्यालो न्हाय, तुमच्यासारख्यांची रांग हटंना."

ते गृहस्थ उरलेल्या पायऱ्या चढून वर आले. मग त्यांनी ओंजळ पुढे केली. पुढे दरवर्षी उन्हाळ्यात ते स्टँडवर आले की आधी गुरुजींकडे येत. गुरुजींना त्या पाणपोईत काय मिळाले होते, ते यावरून कळेल. दुष्काळ सरला, पण पाणपोई चालूच राहिली. पाडव्याला रांजण भरायचे आणि मृग लागला की उपडे करायचे, असे दहा वर्षे चालले.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात कमल एकटीच स्टँडवर गेली. लहानपणी तिचे दोन्ही पाय पोलिओने गेले होते. ती हातात लाकडी ठोकळे धरून, हातांवर जोर देऊन सरकत चाले. मॅट्रिक झाली होती. कुठेही कामाला अर्ज करायचा तर अपंगत्वाचा दाखला लागे, आणि तो जिल्ह्याच्या गावी मिळे. दोनदा ती तिथवर जाऊन परत आली होती. दाखला देणारे वरच्या मजल्यावर बसत आणि जिना तिला चढता येत नसे. मी बरोबर येतो म्हटले की म्हणे, "दादा, तुझी रजा घेऊन मिळालेला दाखला माझा कसा?"

त्या दिवशी गाडीला वेळ होता, म्हणून ती पाणपोईच्या ओट्याखाली जाऊन बसली. वर गर्दी होती. गुरुजींना ती दिसली, पण हाक मारील असे त्यांना वाटले. तेवढ्यात पाणी पिऊन उतरणाऱ्या एका माणसाने तिच्यापुढे नाणे टाकले.

"ओ काका," कमल मोठ्याने म्हणाली, "उचला ते. मला पाणी पायजे, पैसं न्हाय."

माणूस ओशाळला. गुरुजी लगबगीने ओगराळे भरून खाली आले आणि सवयीने म्हणाले, "धर बाळ, ओंजळ धर."

कमलने दोन्ही तळवे त्यांना दाखवले. स्टँडची सगळी धूळ त्यांवर होती. "गुरुजी, ह्या हातानं मी चालते. ह्याची ओंजळ कशी करू?"

गुरुजींनी आधी तिचे हात धुतले. ते धुण्यातच ओगराळे रिकामे झाले. दुसरे आणायला ते पुन्हा वर गेले आणि पाणी भरून खाली आले. हे मला त्यांनीच सांगितले. म्हणाले, "रंगनाथराव, त्या पायऱ्या मीच बांधल्या. पण त्या दिवशी चढताना पहिल्यांदा दिसल्या."

दुसऱ्या दिवशी ते आमच्या घरी आले. ओटा ठेंगणा करतो, पेलेही ठेवतो, असे म्हणू लागले. कमल म्हणाली, "ओटा तुमी खाली आणाल. तिथला जिना कोण आणणार? आमच्यासारखे पाच-सहा जण तरी त्या जिन्याखालून परत गेलेले मला ठावं हायेत."

"मृग होऊ दे. मी येतो तुझ्याबरोबर."

"मृग झाला की तुमची शाळा उघडती, गुरुजी."

अडचण नेमकी तीच होती. गुरुजींना मोकळा वेळ उन्हाळ्याच्या सुट्टीत मिळे आणि तो सगळा पाणपोई घेई. वर्षभर ते रविवारी गावोगाव फिरून अपंगांची विचारपूस करत राहिले, पण रविवारी कचेऱ्या बंद. कमलचा दाखला तसाच राहिला. वयाची मर्यादा जवळ येत होती, ती ओलांडली की नोकरीचे दार बंद होणार होते. पुढच्या पाडव्याला गुरुजींनी पुन्हा रांजण भरले. मला ते फार लागले.

एव्हाना स्टँडवर नळ आला होता. पाणपोईवर पूर्वीची गर्दी नव्हती. एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी मी तिथे गेलो तेव्हा गुरुजी कठड्यावर बसून होते. म्हणाले, "नळाला पाणी हाय, हे मला दोन वर्षं दिसतंय. पण आज बी कुणीतरी नळ सोडून माझ्यापुढं ओंजळ धरतं. तेवढंच सोडवंना, रंगनाथराव."

उठताना त्यांनी विचारले, "कमलला सोमवारी जमंल का?"

ऐन मे महिन्यात पाणी बंद केले म्हणून गुरुजींना बोलणी खावी लागली. "मास्तर थकले" असे कोणी म्हटले, "पुण्याला विटले" असेही कोणी म्हटले. कमल सांगायची, गाडी गावाबाहेर पडताच गुरुजींनी डोळे मिटले आणि उस्मानाबाद येईपर्यंत ते गाढ झोपले. उन्हाळ्यात दिवसा झोपलेले त्यांना कोणी पाहिले नव्हते. स्टँडवर तिनेच त्यांना हलवून जागे केले.

तिथे जिन्याखाली सतरंजी टाकून दोघे बसले. वर निरोप पाठवला, की दाखला मागणारी बाई खाली आहे आणि ती वर येऊ शकत नाही, हाच तिचा पुरावा आहे. दुपारनंतर डॉक्टर खाली उतरले. गुरुजींनी त्यांचे आभार मानले आणि लगेच विचारले, "आता बाकीच्यांना कोणत्या वारी आणू?" पुढच्या सुट्ट्या त्यातच गेल्या. दाखल्याचे टेबल ठरल्या दिवशी तळमजल्यावर लागू लागले, त्यालाही वर्ष गेले. रोजगार हमीच्या कामावर अपंगांना टोळीत कोणी घेत नसे. त्यांना पाणी देण्याचे, मुले सांभाळण्याचे काम मिळावे म्हणून गुरुजी कामाच्या जागी जाऊन मुकादमांशी भांडले.

कमलच्या नोकरीसाठी ते सहकारी दूध संस्थेत गेले तेव्हा मी बरोबर होतो. चेअरमन म्हणाले, "गुरुजी, ही बसूनच काम करणार?"

"चेअरमनसाहेब, तुम्ही तरी उभं राहून करता का?"

चेअरमन स्वतःच मोठ्याने हसले. त्याच आठवड्यात कमल संकलन केंद्रावर दूध मोजायला बसली. पहिल्या पगाराच्या दिवशी तिने मला रजा घ्यायला लावली आणि उस्मानाबादला सिनेमाला नेले. तिकिटे तिने काढली.

गेल्या हिवाळ्यात कमल न्यूमोनियाने गेली. आमच्या घरात दोघेच होतो. गुरुजी नंतर रोज संध्याकाळी येत. तांदूळ निवडायचे असले तर निवडत, नाहीतर नुसते बसत. एके दिवशी म्हणाले, "उद्या येणार न्हाय. भूमला एक मुलगा हाय, आंधळा. त्याला शाळेत घेईनात." मला बरे वाटले. माझ्यासाठी त्यांनी ते काम सोडले असते तर कमलला आवडले नसते.

गुरुजींनी पाणपोई आणखी दहा वर्षे चालवली असती तरी गावाने त्यांचा सत्कार केलाच असता. ती वेळेवर बंद केली म्हणून माझी बहीण सहा वर्षे स्वतःच्या कमाईवर जगली. त्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे. त्यांचे गुडघे पुढेही धड राहोत, एसटीत त्यांना खिडकीजवळची जागा मिळो आणि जिल्ह्यातले उरलेले जिने त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी खाली आलेले पाहावेत, एवढेच मागणे आहे.

लेख इथे संपवतो. संध्याकाळ झाली आहे. कमल गेल्यापासून परातीत पीठ काढताना हात दोघांचेच काढी आणि भाकरी उरे. आज मळून झाल्यावर पाहिले तर माझ्यापुरतेच होते. तवा तापला आहे. भाकरी थापायला घेतो.