घोडीवरच्या नर्सबाई

आमच्या ऑफिसच्या दारात घोडी उभी केली, तरी नर्सबाई खाली म्हणून उतरायच्या नाहीत. वरूनच घोडीच्या मानेवर दोन थापा मारायच्या आणि म्हणायच्या, "थांब गं बाई, सायबाचं काय म्हणणं हाय ते ऐकून घेऊ." प्रत्यक्षात ऐकायचं साहेबांनीच. बाई आपलं सांगून मोकळ्या व्हायच्या आणि साहेब "अहो, पण..." म्हणेपर्यंत घोडी वळलेली असायची.

तुम्ही त्यांना पाहायला हवं होतं. सरकारी नियमाप्रमाणे पांढरं पातळ हवं, म्हणून पांढरंच, पण नऊवारी, आणि त्याला कचकचीत काष्टा. पाठीला औषधांची पिशवी. कुणा वरिष्ठाने नऊवारीबद्दल विचारलं, तर यांचं उत्तर तयार, "पाचवारीत बसून दाखवा घोडीवर, उद्यापासून तेच नेसते." पारनेरकडच्या शेतकरी घरातल्या, वडिलांच्या घोड्यावर वाढलेल्या. नवरा गेल्यावर नर्सचं शिक्षण घेऊन अकोले तालुक्यात आल्या, त्या येताना घोडी घेऊनच.

मी तिथल्या फॉरेस्टच्या ऑफिसात कारकून. नगर शहरातला माणूस, घोडा पाहिला तो लग्नाच्या वरातीत. बाईंचा दवाखाना डोंगराच्या अलीकडे, आणि त्यांच्या पाच वाड्या पलीकडे. मध्ये सरकारी जंगल. जंगलातून घोडीवर तासाभरात जाता यायचं. जंगल टाळून बाहेरून जायचं म्हटलं, किंवा तो चढ पायी तुडवायचा म्हटलं, तर अर्धा दिवस मोडायचा.

आणि दुष्काळाच्या त्या सालात ती जंगलातली वाटच बंद झाली. दुष्काळी कामावरच्या लोकांनी डोंगरउतारावर खड्डे खणून रोपं लावली होती, डोक्यावर हंडे वाहून जगवली होती. गावात चाऱ्याची काडी नव्हती, जनावरं खोडाची साल कुरतडत होती. तेव्हा रोपं वाचवायला वाटेवर फाटक बसलं. पायी माणसाला परवानगी, आमच्या जीपला परवानगी, ठेकेदाराच्या बांबूच्या ट्रकलासुद्धा परवानगी. घोडी आणि तट्टं मात्र बंद. तो फलक मीच रंगवला. माझं अक्षर चांगलं आहे, याचा त्या दिवशी मला केवढा अभिमान!

महिनाभरातच पलीकडच्या वाडीतला एक जण भर दुपारी तट्टू पिटाळत आला. बायको अडली होती. फाटकावरच्या गार्डने त्याला अडवलं. "मी काय करू बाबा? ऑर्डर हाय." तो तट्टू तिथेच सोडून दवाखान्यापर्यंत धावत गेला. बाई निघाल्या, तर त्यांची घोडीही फाटकावर अडली. हुज्जत घालण्यात वेळ न दवडता त्यांनी बाहेरून घोडी फेकली. बाई पोचल्या तेव्हा मूल गेलेलं होतं, आई तेवढी वाचली.

दुसऱ्या दिवशी बाई ऑफिसात आल्या आणि चक्क घोडीवरून उतरल्या. रेंजरसाहेबांसमोर बसल्या. "पोर रडलंच न्हाई, सायेब," एवढंच म्हणाल्या.

रेंजरसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला तिथल्या तिथे बाईंच्या नावाचा पास लिहायला लावला. बाईंनी तो वाचला आणि टेबलावर परत ठेवला.

"मी जाईन हो. पण मला बोलवायला यायचं कुणी? बाळंतिणीचा नवरा काय उडत येणार? त्योबी घोड्यावरच येतो. वाट द्यायची तर समद्यांना द्या."

"आणि सगळ्यांच्या तट्टांनी रोपं खाल्ली म्हणजे? लोकांनी पाणी वाहून जगवलीत ती."

बाई म्हणाल्या, "ह्ये मातुर खरं हाय." आणि पास न घेताच गेल्या. पुढे आठ दिवस दिसल्या नाहीत. हरली बिचारी, असं मी मनात म्हटलं. काय माझी अक्कल!

नवव्या दिवशी नगरहून मोठे साहेब रोपं पाहायला आले. आमची जीप फाटकाशी पोचते, तर समोर बाई घोडीवर, आणि मागे पाची वाड्यांची तट्टं. झाडून सगळ्यांच्या तोंडाला मुसकी! खळ्यावर मळणीच्या वेळी बैलाने कणसं खाऊ नयेत म्हणून बांधतात ना, तीच दोरीची जाळी. आठ दिवस वाड्यांतल्या बाया अंबाडीची दोरी वळून मुसकी विणत बसल्या होत्या.

"सायेब, आता हिला येक पान खाऊन दाखवू द्या," बाई म्हणाल्या. "खाल्लं तर मीच फाटकाला कुलूप घालते."

मोठे साहेब हौशी निघाले. त्यांनी स्वतः घोडीला कोवळ्या शिसवीच्या रोपापाशी नेलं. दुष्काळातली भुकेली घोडी ती. तिने नाक खुपसलं, मान झटकली, पुन्हा खुपसलं. पान काही तोंडात येईना. शेवटी वैतागून ती साहेबांच्या सदऱ्यावर अशी शिंकली, की सगळा डोंगर हसला. साहेबही.

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मी हुकूम लिहिला. पायी माणसाला वाट, तशीच घोड्यावरच्यालाही, कुणाचंही घोडं असो; जनावराला मुसकं हवं. साहेबांनी सही केली. बाईंनी तो मला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावला, आणि मग ओरडल्या, "चला रे!" तट्टं धडाधड आत घुसली. मी सरकारी नोकर आहे हे विसरून मीही "हाण तिच्यायला!" म्हणून ओरडलो.

दोन वर्षांनी बाईंची बदली झाली, घोडीसकट. नंतर कधी भेट नाही, पत्र नाही. आता तिथे डांबरी रस्ता आहे म्हणतात.

पण त्या हुकुमानंतरचा चौथा दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी कामासाठी फाटकावर गेलो होतो. पलीकडून एक तट्टू सुसाट येताना दिसलं. तोच गार्ड, ज्याने ऑर्डर दाखवली होती, तो बिडी टाकून धावला, लांबूनच फाटक सताड उघडून उभा राहिला आणि घशाच्या शिरा ताणून ओरडला, "बाई दवाखान्यातच हायेत, पळव!" थोड्या वेळात बाई त्याच फाटकातून भरधाव गेल्या. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. माझं काम केव्हाच झालं होतं, पण पाय निघेना. उन्हं कलताना बाई घोडी चालवत परत आल्या. गार्डला विचारायचा धीर होईना.

बाईच म्हणाल्या, "पोरगी झाली. लई रडती."

गार्डने फाटकाला कपाळ टेकलं आणि तोही रडायला लागला.