वरचा रुपया

लग्नात नुसते शंभर रुपये आहेर करणारा माणूस छायाने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. एकशे एक देणारे पाहिले होते, एकावन्न देणारे तर ढिगाने. पण नुसते शंभर? आहेर शून्यावर संपवायचा म्हणजे नवरानवरीला तोंडावर सांगायचं की बाबांनो, इथून पुढे काही नाही. वरचा रुपया पाहिजेच पाहिजे. हे तिला कोणी बसवून शिकवलं नव्हतं. ती त्यातच वाढली होती.

तिचे वडील अर्जुनराव रोहिणखेडचे. शेती करून उरलेल्या वेळात आहेर लिहायचे. पंचक्रोशीत कुठेही लग्न असो, मांडवाच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर वही आणि माइक, आणि त्यामागे अर्जुनराव. आवाज असा खणखणीत की भोंग्याची गरज नव्हती, पण माइक सोडतील तर शपथ. छोटी छाया शेजारी बसून नोटा एकीकडे आणि वरचे रुपये एका स्टीलच्या वाटीत टाकायची. शेवटी बेरीज व्हायची ती नोटांची. वाटीतले रुपये बेरजेत धरायचे नाहीत, ते सरळ नवरीच्या ओटीत जायचे. अर्जुनरावांची तशी पद्धतच होती.

आता ही वाटी लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिनेच केला.

छाया अभ्यासात बरी होती. गणित सोडून. तिला नर्स व्हायचं होतं आणि वडिलांनी कबूल केलं होतं, "दहावी निंघ, मंग बुलढाण्याले टाकतो तुले." दहावीच्या बीजगणिताच्या पेपरात चार मार्कांचं एक गणित आलं. दोन मैत्रिणींनी तिसरीच्या लग्नात मिळून दीडशे रुपये आहेर केला. पहिलीच्या आहेराची दुप्पट आणि दुसरीच्या आहेराची तिप्पट मिळून साडेतीनशे होतात, तर प्रत्येकीने किती दिले? छायाला आनंद झाला. हे तर घरचंच काम! तिने दोन समीकरणं मांडली, वजाबाकी केली, उत्तर आलं. पहिलीचे शंभर, दुसरीचे पन्नास.

शंभर आणि पन्नास. छाया त्या आकड्यांकडे बघत बसली. दोघी मैत्रिणी, तिसरीचं लग्न, आणि दोघींनीही शून्यावर आहेर करावा? एकवेळ एखादी वेंधळी असेल, पण दोघी? नक्की आपलंच कुठेतरी चुकलं. तिने पुन्हा सोडवलं, पुन्हा तेच. मग तिच्या डोक्यात वाटी आली. हां! दीडशे ही नुसत्या नोटांची बेरीज. वरचे रुपये पेपर काढणाऱ्याने धरलेलेच नाहीत, ते धरतच नसतात. तिने शंभर आणि पन्नासावर रेघ मारली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, एकशे एक आणि एकावन्न. वर खुशीत बाहेर आली.

गणितात ती तीन मार्कांनी गेली. ते गणित चार मार्कांचं होतं.

त्या संध्याकाळी तिने वडिलांना सगळं सांगितलं. अर्जुनराव आधी हसले, मग म्हणाले, "जाऊ दे, नशिबात नसन." बुलढाण्याचं नाव पुन्हा निघालं नाही. दुसऱ्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती लोणार तालुक्यात सुलतानपूरला आली. नवरा जीवन, भाजीपाल्याचा मळा, सासूसासरे. माणसं चांगली मिळाली, त्यात खोट काढायला जागा नाही.

पण अर्जुनरावांनी एक वाईट केलं. त्यांनी त्या गोष्टीचा किस्सा केला. आहेर लिहिता लिहिता जरा मोकळा वेळ मिळाला की माइकवरून सुरू, "आमच्या छायानं बोर्डाच्या पेपरात आहेर मोडला नाही बरं का! शंभराचे एकशे एक केले. नापास झाली, पन रीत सोडली नाही!" मांडव हसून लोटपोट व्हायचा. सांगताना म्हाताऱ्याचा ऊर अभिमानाने भरून यायचा, हे खरं. छाया तिथे असली तर तीही हसायची. मनातून मात्र तिला वडिलांचा राग यायचा, आणि बापाचा राग येतो म्हणून स्वतःचाही. वीसबावीस वर्षं हा किस्सा चालला. माहेरी तिचं नावच 'वरचा रुपया' पडलं.

मग सुलतानपुरात धम्मशीलाताईंच्या पुढाकाराने बायकांच्या गटाने भाजीचं केंद्र उघडलं. गावचा माल एका जागी आणायचा, निवडायचा, तोलायचा आणि गाडीने शहरात धाडायचा. केंद्र सांभाळायला छायापेक्षा लायक बाई गावात नव्हती. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तर सांबाराची जुडी हातात घेतली की तो सकाळचा की कालचा, हे ती न बघता सांगायची, आणि भांडणाऱ्या दोन बायकांना एका चहात गप्प करायची. पण माल घेणाऱ्या कंपनीची अट होती, केंद्रप्रमुख दहावी पास पाहिजे.

"एक साल मी तुही खुर्ची कोनाले देत नाही," धम्मशीलाताई म्हणाल्या. "बाहेरून बसाचा सतरा नंबरचा फॉर्म भर अन् पास होऊन ये. नाही झाली तर मंग मले दुसरी बाई पाहा लागन, वाईट वाटून घेऊ नको."

घरी येऊन छायाने हे सांगितलं तेव्हा जीवन वांगी पोत्यात भरत होता. तो म्हणाला, "भर ना फॉर्म. भाकरी मी टाकीन." त्याच्या भाकऱ्या घरच्यांनी वर्षभर कशा खाल्ल्या तो वेगळा विषय आहे.

मराठी, इतिहास तिने रेटले. इंग्रजीशी झटापट केली. बीजगणित शिकवायला बसली मुलगी अर्पिता, जी आदल्या वर्षीच दहावी झाली होती आणि त्यामुळे स्वतःला विद्यापीठ समजत होती. समीकरण सोडवणं छायाला जमायचं. घोडं पेंड खायचं ते गणितातल्या माणसांपाशी. दोघांजवळ सारखे पैसे होते, एकाने एकशे वीस खर्चले, दुसऱ्याने तीस, असं काही आलं की छायाची पेन्सिल थांबायची.

"हा एवढे पैसे काऊन उडवून राह्यला? घरी कोनी बिमार आहे काय याच्या?"

"आई! तो एक्स आहे. एक्सले घर नसते, दार नसते, सासू नसते. त्यानं कायले खर्च केले, तुले काय करा लागते? गणितात दिलं तेवढंच खरं."

"असं कसं? मानूस पैसे खर्च करते तं त्याले काही कारन असनच ना."

"असन. पन त्याचे मार्क नाहीत."

हे छायाच्या गळी उतरायला दिवाळी उलटून गेली. मग एके दिवशी मेथी निवडता निवडता तिला आपोआप कळलं. गणितातली माणसं खोटी नाहीत, पण ती आपल्या गावची नाहीत. परक्या गावी गेल्यावर तिथली रीत पाळायची, आपली लादायची नाही. तिथे रीत एकच, शेवटी दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. हे तिने अर्पिताला सांगितलं. अर्पिता म्हणाली, असं काही पुस्तकात नाही, पण चालेल.

मार्चमध्ये ती सोळा वर्षांच्या पोरांच्या रांगेत जाऊन बसली. बाक इतका तोकडा की गुडघे वर आले. शेजारच्या पोरीने विचारलं, "मावशी, तुमाले भेव लागते काय?" छाया म्हणाली, "लय."

पेपर बरा चालला होता. आणि मग ते आलं. यावेळी आहेर नव्हता, वर्गणी होती. दोघांनी वाचनालयाला मिळून आठशे रुपये दिले. पहिल्याच्या वर्गणीची तिप्पट ही दुसऱ्याच्या वर्गणीच्या दुपटीपेक्षा शंभराने कमी. तर प्रत्येकाने किती दिले?

छायाने समीकरणं मांडली. आकडे सरळ येत गेले. पहिल्याचे तीनशे, दुसऱ्याचे पाचशे.

पुन्हा शून्य. तिला घाम फुटला. वर्गणीसुद्धा कोणी शून्यावर देत नाही, गणपतीची असो की देवळाची, तीनशे एक, पाचशे एक. तिच्या हाताला नुसती खाज सुटली. एक छोटी रेघ, एक छोटा एक. समोर मांडव दिसला, माइक दिसला, वडिलांचा हसरा चेहरा दिसला. नापास झाली, पण रीत सोडली नाही! तिला एकदम इतका राग आला की घाम तिथल्या तिथे वाळला. तिने ताळा करून बघितला. तीनशेची तिप्पट नऊशे. पाचशेची दुप्पट हजार. शंभराने कमी. आठशे पूर्ण. दोन्ही बाजू जुळल्या होत्या. तिने उत्तराभोवती चौकट काढली आणि पान उलटलं, कारण त्या पानावर आणखी थांबली असती तर तिचा स्वतःवर भरवसा नव्हता.

संध्याकाळी तिने रोहिणखेडला फोन लावला.

"बाबा, अवंदा बी तसंच गनित आलं होतं. पाचशे अन् तीनशे उत्तर आलं."

"मंग? काय लिवलं तू?"

"पाचशे अन् तीनशे."

अर्जुनराव म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला. छायाला वाटलं, म्हाताऱ्याचा किस्सा मोडला म्हणून रुसला असेल. रुसू दे.

निकाल अर्पिताच्या मोबाइलवर आला. छाया पास होती. बीजगणितात चाळीसपैकी बावीस. जीवन अख्ख्या आळीला पेढे वाटत सुटला आणि भाकरीतून सुटलो म्हणून स्वतः चार खाल्ले.

पुढच्या रविवारी केंद्रावर बायकांनी छोटा कार्यक्रम ठेवला. टोपल्या बाजूला सारून सतरंजी टाकली, छायाला खुर्चीवर बसवून कुंकू लावलं, ब्लाउजपीस आणि पाकिटं दिली. कार्यक्रम आटोपत आला तेव्हा अर्जुनराव आले. एसटीने, दोन गाड्या बदलून, धोतर-टोपीत, जसे आहेर लिहायला निघायचे तसेच. कोणीतरी हौसेने म्हणालं, "बाबा आले! बाबा, तो वरच्या रुपयाचा किस्सा सांगा ना!"

अर्जुनरावांनी खिशातून एक पाकीट काढून छायाच्या हातात दिलं.

छायाने सवयीने पाकिटाच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. हल्ली आहेराची पाकिटं मिळतात त्यांच्यावर रुपया आधीच चिकटवलेला असतो. याच्यावर नव्हता. कागद जरासा फाटला होता, डिंकाचा गोल डाग तेवढा उरला होता. रुपया कोणीतरी नखाने उकरून काढला होता. आत पाचशेची एकच नोट.

धम्मशीलाताई जवळच होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "बाबा, वरचा रुपया पडला वाटते तुमचा."

"पडला नाही. काढला." अर्जुनरावांचा तो खणखणीत आवाज चिरकला. "पोरीचं उत्तर पाचशेच होतं. तवाचंही शंभरच बरोबर होतं. म्या इतके साल मांडवात सांगितलं, अन् हे एकदाही सांगितलं नाही."

छायाला बोलायचं खूप होतं. चोवीस वर्षांचं साठलेलं होतं. पण डोळ्यांतलं पाणी आधी आलं. पाकीट छातीशी धरून ती उठली, खुर्ची वडिलांकडे सरकवली आणि म्हणाली, "बसा बाबा. दोन गाड्या बदलून आले तुमी. पानी आनतो."