उलटी वेणी
माक्याच्या तेलाचा वास आला की कांदिवलीच्या घरातली ती दुपार आठवते. आजारी आई पलंगावर बसून बहिणीची वेणी घालत होती. बहीण गणितात वेण्या-गाठींवर संशोधन करायची. दोन वेण्या मुळात एकच आहेत का, हे तिचा प्रोग्राम सांगायचा. कुठला पेड कशावरून गेला ते मी मागून सांगत होते, ती लॅपटॉपवर टाइप करत होती. उत्तर आलं: वेणी दिसायला घट्ट, पण खरं तर तीन मोकळे पेड. "अगं, आईनं अर्ध्यापासून सगळं उलटं घातलंय, म्हणजे आधीचे सगळे पेच सुटतात!" बहीण हसली. आई शांतपणे म्हणाली, "सोडवतेय गं. गुंता ठेवून जाऊ नये." त्याच आठवड्यात आई गेली. आज सकाळी लेकीची वेणी घालताना माझे हात अर्ध्यातून उलटे फिरले.